पिवळा म्हणजे पास

मुलं बोलत नाहीत, हीच खरी अडचण आहे, असं तुम्ही परवा स्टेजवरून सांगितलंत. समोर बसलेले आईबाप माना डोलवत होते. मॅडम, तुम्ही खोटं बोललात. खोटं आहे हे माहीत असताना बोललात. एक मुलगी तुमच्याकडे बोलायला आली होती. खोलीत येऊन खुर्चीवर बसली होती. तिला तुम्ही उठवलंत. मी तिथं होते. तुमचं नाव मी लिहीत नाही. तुमचं तुम्हाला पहिल्याच ओळीत कळलं असेल.

वाचणाऱ्यांना मात्र माहीत नाही. म्हणून सांगते.

"हात पुढं करा गं. उजवा नको, डावा. लिहायच्या हाताला अडतंय मग."

टेकाळे बाई, आमच्या होस्टेलच्या रेक्टर, मेसच्या टेबलापाशी उभ्या राहून एकेकीच्या मनगटात रबरी बँड घालत होत्या. एका पिशवीत हिरवे, दुसऱ्या पिशवीत पिवळे. शेजारी पुण्याहून आलेली तुमच्या टीममधली मृणालताई हातातला कागद बघून रंग सांगत होती. आदल्या आठवड्यात तुमच्या टीमनं आम्हा सगळ्यांना एकेक करून खोलीत बोलावलं होतं. झोप लागते का, भूक लागते का, रडू येतं का, जगावंसं वाटतं का, असं विचारलं होतं. त्यानंतर हे बँड आले.

"बाई, मी डावखुरी हाय. मी पायात घालू का?" माझ्या मागून कांता म्हणाली.

सगळी रांग हसली. बाईसुद्धा हसल्या. "गप गं भवाने. कर उजवा पुढं."

मला हिरवा मिळाला. कांताला पिवळा.

शिवकांता बिराजदार, माझी रूममेट. तिचे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. पोरगी डॉक्टर व्हावी म्हणून त्यांनी तिला या क्लासच्या गावात आणून टाकलं होतं. क्लासच्या गावाचं नावही लिहीत नाही. अशी गावं आपल्याकडं आता काही कमी नाहीत. चौकाचौकात टॉपरांचे फोटो, आणि फोटोत न आलेली पोरं त्या फोटोंखालून सायकली हाकत जातात.

आमच्या क्लासची एक पद्धत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दर रविवारी टेस्ट. सोमवारी निकालावरून बॅच बदलायची. बॅच बदलली की गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी बदलायची. वरच्या बॅचला निळी, मधल्या बॅचला लाल, खालच्या बॅचला राखाडी. राखाडी पट्टीवाल्यांना पंखा नसलेला हॉल. मेसच्या रांगेत राखाडी पट्टी दिसली की मुलं आपोआप पुढं घुसायची. कुणी तसं सांगितलं नव्हतं. आमच्या अंगात ते भिनलंच होतं. आम्हाला रंग दिला की आम्ही एकच प्रश्न विचारायचो, यातला वरचा कुठला आणि खालचा कुठला?

त्याच संध्याकाळी उत्तरही मिळालं. हिरव्या मुलींना सांगितलं की मंगळवारी आणि शुक्रवारी लायब्ररीच्या मागच्या खोलीत मृणालताईसोबत बसायचं. शिवाय पाळीपाळीनं एकटीनंही भेटायचं. पिवळ्यांना काहीच नाही, त्यांनी आपला अभ्यास करायचा.

"म्हणजे हिरव्या येड्या," कोपऱ्यातल्या टेबलावरून एक जण म्हणाली. "आन् पिवळ्या पास."

झालं. दुसऱ्या दिवशी डायरेक्टर सर वर्गात आले आणि त्यांनी त्यावर शिक्काच मारला. "पिवळ्या मुलींनी काही टेन्शन घ्यायचं नाही. तुम्ही फिट आहात. जिला गरज आहे तिला आपण सोय दिलेली आहे." पालकांच्या मीटिंगमध्येही तेच सांगितलं. माझ्या आईला गावाकडं कळलं तेव्हा तिनं फोनवर पहिलं काय विचारलं? "अयोध्या, लग्नाला अडचण तर न्हाई ना यायची?"

कांतानं मला सोडलं नाही. "तुझं इंजिन गॅरेजला लागलं बघ. माझ्या अप्पाला विचार, हेडचं काम निघालंय का नुसता पट्टा ढिला हाय."

"आन् तुझं?"

"माझी नवी गाडी. शोरूममधून पिवळा बँड लावूनच आलीय."

ती अशीच होती. फिजिक्सच्या सरांची, टेकाळे बाईंची, मेसच्या आचाऱ्याची नक्कल करायची. आचारी भाजीत मीठ टाकल्यावर बोट चाटून तोंड कसं करतो, ते तिनं करून दाखवलं की आम्ही गादीवर लोळायचो. पण ते आता कमी झालं होतं. दिवाळीपासून ती निळ्या पट्टीवरून लाल आणि लालवरून राखाडीवर आली होती. आधी झोप गेली. मग जेवण. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की हिनं वेणी घालणं सोडलंय. घातलेली वेणी तशीच असायची, केस सुटून चेहऱ्यावर यायचे, ती बाजूलाही सारायची नाही. पुस्तक उघडून बसायची आणि तेच पान समोर असायचं.

"पान तर उलट की," मी म्हणायचे.

"उलटते की."

उलटायची नाही.

रविवारी घरी फोन करायला मिळायचा. होस्टेलचा नियम होता की फोन बाईंच्या टेबलावर, स्पीकर चालू ठेवून. मुली घरच्यांना काय सांगतात ते बाईंना कळायला पाहिजे, म्हणून. रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू यायचं. त्या रविवारी कांता माझ्या पुढं होती.

"अप्पा, मला बरं वाटत न्हाई."

"काय होतंय अक्का? ताप हाय का?"

"ताप न्हाई. काहीच व्हत न्हाई. तेच होतंय."

"काहीच व्हत न्हाई मंजे?"

"मंजे आत सगळं बंद पडल्यागत. मला घरी यायचंय."

पलीकडं डेपोतल्या गाड्यांचा आवाज. मग अप्पा हसल्यासारखं बोलले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांचा आवाज मला अजून आठवतो, लेकीला धीर द्यायला धडपडणारा. "आगं, त्या पुण्याच्या मोठ्या मॅडमनी तपासलंय की तुला. सर म्हणले मिटिंगमधी, पिवळा बँड मंजे फिट. पिवळाच हाय न्हवं तुझा?"

"हो."

"मग? डॉक्टर लोकायनी तपासून दिलंय, आन् तू म्हणायली बरं न्हाई. भ्यायलीस तू दुसरं काय. परीक्षा झाली की मीच येतो न्यायला. गुळपोळी करू."

टेकाळे बाईंनी मान डोलावली. "ऐकलंस का? चल, पुढची."

मॅडम, इथं एक गोष्ट मी कबूल केली पाहिजे, कारण खरं लिहायचं तर सगळं लिहायचं. तुमचा कार्यक्रम चांगला होता. मृणालताईची ती खोली चांगली होती. पहिल्या दोन वेळा मी तोंड उघडलं नाही, कारण बाहेर मुली चिडवायच्या. नंतर एकदा बोलायला लागले आणि थांबलेच नाही. ताई उपदेश करायची नाही. भीती अंगात कुठं बसते ते विचारायची. छातीत, पोटात, का घशात. श्वास कसा सोडायचा ते शिकवायची. मला झोप यायला लागली. मी जेवायला लागले. म्हणून तर राग येतो. ते काम करत होतं, हे मी माझ्या अंगावर पाहिलंय.

म्हणूनच मी एका शुक्रवारी ताईला म्हटलं, "माझ्या रूममधल्या मुलीला बघा ना. ती माझ्यापेक्षा जास्त हाय."

ताईनं पेन खाली ठेवलं. "कोण?"

"शिवकांता."

"तिचा बँड कोणता आहे?"

"पिवळा."

ताई खिडकीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मी मोठ्या मॅडमशी बोलते." म्हणजे तुमच्याशी.

पुढच्या मंगळवारी मी विचारलं, "बोललात का?" ताईनं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "त्या म्हणाल्या, रेक्टरना कळवायचं." मी म्हटलं, रेक्टरनाच तर सगळं माहीत आहे, स्पीकरवर दर रविवारी ऐकतात त्या. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला राग आला. मोठ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी बघून आम्ही काय करायचं?

त्याच रात्री जेवणाआधी मी कांताला म्हटलं, "शुक्रवारी माझी एकटीची पाळी हाय. तू जा."

"मला न्हाई आत घ्यायचे."

"माझा बँड घाल."

"ताईला तुझं तोंड माहीत न्हाई का?"

"ताई काही म्हणणार न्हाई."

ती बराच वेळ माझ्या मनगटाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तिथं गेल्यावर काय बोलायचं असतं?"

"काही पण. जे होतंय ते."

"जे होतंय ते," ती पुटपुटली. आणि मग कितीतरी दिवसांनी तिनं स्वतःहून केस विंचरायला घेतले. मला म्हणाली, "वेणी घालून दे गं, माझे हात वर राहत न्हाईत." मी घातली. शुक्रवारसाठी तिनं इस्त्रीचा ड्रेस काढून ठेवला होता. बघायला पाहुणे येणार असावेत तसा.

शुक्रवारी आम्ही बँड बदलले. लायब्ररीच्या मागच्या पायऱ्यांवर मी बसले आणि ती आत गेली. दार अर्धवट उघडं होतं. ताईनं वर पाहिलं. हिरवा बँड पाहिला, तोंड पाहिलं. एकदा माझ्याकडंही पाहिलं. आणि म्हणाली, "बस."

कांता बसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. आणि म्हणाली, "ताई, मला कुठून सुरू करू ते कळंना."

"कुठूनही कर."

त्याच वेळी व्हरांड्यातून तुम्ही आलात. बरोबर डायरेक्टर सर आणि टेकाळे बाई. तुम्ही त्या दिवशी पाहणीला येणार हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. अबोली रंगाची साडी होती तुमची. माझ्याकडं बघून हसलात आणि म्हणालात, "इथे का बसलीस बेटा? आणि तुझा बँड पिवळा. मग इथे काय काम?"

मी काही बोलायच्या आत टेकाळे बाई ओरडल्या, "पिवळा कुठला मॅडम, ही हिरवी हाय! अयोध्ये, बँड कुठं हाय तुझा?" आणि दार ढकलून आत शिरल्या. "आँ! कांते, तू? तू तर पिवळी!"

कांता उभी राहिली. खुर्चीतून उठावं तशी नाही. चोरी करताना सापडावं तशी.

"मॅडम, पाचच मिनिटं," मृणालताई म्हणाली. "तिला बोलायचं आहे."

तुम्ही आवाज चढवला नाहीत. तुम्ही कधीच चढवत नाही. म्हणालात, "मृणाल, आपलं ठरलंय ना? एक आत घेतली की सगळा अभ्यास बिघडतो. वर्षभराची मेहनत आहे." मग कांताच्या पाठीवर हात ठेवलात. "मार्चनंतर तुमचाही नंबर येणार आहे बेटा. हेच सगळं तुम्हालाही मिळणार आहे."

"पण मला आता..." कांता म्हणाली.

"आगं तुला कशाला पायजे?" टेकाळे बाई हसल्या. "तू पहिल्याच दिवशी पास झालीस की. मोठ्या मॅडमनी तपासून पिवळा दिलाय तुला. लोकाच्या पोरी पिवळ्यासाठी रडायल्यात."

"बाई, तसं नाहीये," मृणालताई घाईनं म्हणाली. "ते रंग म्हणजे..."

"मृणाल," तुम्ही म्हणालात.

एवढंच. फक्त नाव. ताई गप्प झाली.

मग तुम्ही कांताकडं वळलात. "काही तातडीचं आहे का बेटा? काही फार त्रास होतोय का?"

तुम्ही विचारलंत, हे मी लपवत नाही. पण कुणासमोर विचारलंत? एका बाजूला डायरेक्टर सर, जे दर सोमवारी तिच्या गळ्यातली पट्टी बदलायचे. दुसऱ्या बाजूला टेकाळे बाई, ज्यांच्या टेबलावर तिचं रडणंसुद्धा स्पीकरवर ऐकलं जायचं. मध्ये ती, दुसरीचा बँड घालून पकडलेली.

"न्हाई," कांता म्हणाली.

"छान," तुम्ही म्हणालात.

आम्ही रूमवर आलो. तिनं माझा बँड काढून माझ्या हातात दिला. मी टेकाळे बाईंना शिव्या देत होते, येतील तेवढ्या सगळ्या. ती ऐकत होती. मग शांतपणे म्हणाली, "अयोध्या, मला काही झालेलं न्हाई."

"झालंय. मी बघायलेय ना."

"न्हाई. त्या मोठ्या मॅडम तिथंच होत्या. बाई म्हणल्या, मॅडमनी तपासून पास केलंय, तर त्या काय न्हाई म्हणल्या का?" तिनं वेणी सोडली, केस तसेच पाठीवर टाकले. "मला वाटलं होतं हा आजार हाय. आजार असता तर बरा झाला असता. आजारच न्हाई मंजे मग मीच अशी हाय."

मी म्हटलं, असं काही नसतं. पण मी सोळा वर्षांची होते. माझं म्हणणं एकीकडं, आणि पुण्याच्या मोठ्या मॅडमनी तपासून दिलेला रंग दुसरीकडं.

त्याच आठवड्यात कांता गेली. कशी गेली ते मी लिहिणार नाही. ते तेव्हा पेपरवाल्यांनी लिहिलं, चवीनं, चौकटीत, तिच्या दहावीच्या फोटोसकट. 'अभ्यासाच्या ताणातून', असं म्हटलं होतं. डायरेक्टर सरांनी सांगितलं की मुलगी हळवी होती. हळवी! जी आचाऱ्याची नक्कल करून अख्खं होस्टेल हसवायची, ती.

अप्पा तिची ट्रंक न्यायला आले तेव्हा तुम्ही ऑफिसात होता. मला रूममेट म्हणून सामान ओळखायला बोलावलं होतं. अप्पा डेपोच्या खाकी कपड्यांतच आले होते. ट्रंकेवर हात ठेवून उभे राहिले. उचलेनात.

तुम्ही उठून उभ्या राहिलात. हात जोडलेत. "आम्हाला फार दुःख आहे."

"मॅडम," अप्पा म्हणाले, "मला एक विचारायचंय. तुमी तपासली व्हती तिला. पिवळा बँड दिला व्हता. मंजे तवा चांगली व्हती ती. मग इतक्या दिसात येवढं काय झालं? तपासण्यात काय ऱ्हायलं व्हतं का?"

टेकाळे बाईंनी टेबलावरचं रजिस्टर उघडलं, मिटलं. मृणालताई भिंतीला टेकून उभी होती. तीच शेवटी बोलली. "काका, तपासून नव्हतं दिलं."

"मृणाल," तुम्ही म्हणालात.

या वेळी ती थांबली नाही. "रंगाचा तब्येतीशी काही संबंध नव्हता, काका. चिठ्ठ्या टाकतात तसं केलं होतं, कॉम्प्युटरवर. अर्ध्या मुलींना कार्यक्रम द्यायचा, अर्ध्यांना थांबवायचं, म्हणजे कार्यक्रमानं फरक पडतो का ते कळतं. ती थांबवलेल्यांत आली होती. ती चांगली आहे असं कुणीच म्हटलं नव्हतं."

टेकाळे बाई रजिस्टर सोडून पुढं आल्या. "चिठ्ठ्या?" त्या म्हणाल्या. "मी तर पोरींना..."  त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांच्यावरचा माझा अर्धा राग तिथंच गेला, आणि जिथं जायचा तिथं गेला.

अप्पांना समजायला वेळ लागला. ते मृणालताईकडं बघत होते, मग तुमच्याकडं. "मंजे," ते म्हणाले, "ती मला फोनवर सांगायली व्हती, बरं न्हाई म्हणून. आन् मी तिला म्हणलं, मॅडमनी तपासलंय." त्यांनी ट्रंकेवरचा हात काढला. "तुमच्यावरून मी माझ्या लेकीला खोटं पाडलं."

तुम्ही म्हणालात, "हा जगभरातला मान्य नियम आहे. असं केल्याशिवाय काय उपयोगी आहे ते सिद्ध होत नाही. याचा पुढे हजारो मुलांना फायदा होणार आहे."

अप्पांनी ट्रंक उचलली.  जाताना दारात त्यांचा खांदा चौकटीला लागला, ट्रंक वाजली. मी दुसरं कडं धरून त्यांच्याबरोबर स्टँडपर्यंत गेले. परत त्या क्लासला गेले नाही.

तुमचा अभ्यास पूर्ण झाला. हिरव्या सुधारल्या, पिवळ्या सुधारल्या नाहीत, म्हणून कार्यक्रम उपयोगी. परवा तुम्ही तेच सांगत होता, टाळ्या पडत होत्या. तो कार्यक्रम आता कितीतरी शाळांत चालतो म्हणे. चालू दे. पोरांना झोप लागत असेल तर माझं काही म्हणणं नाही. चिठ्ठ्या का टाकता, हेही मी आता वाचून वाचून शिकलेय. औषध खरं आहे की नाही ते असंच कळतं, हे मला पटतं. तेव्हा ते मला समजावत बसू नका.

परवा प्रश्नोत्तरांच्या वेळी मी हात वर केला होता. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत आणि माइक दुसरीकडं दिलात. म्हणून इथं विचारते.

पिवळा म्हणजे पास, असं टेकाळे बाई तुमच्यासमोर त्या पोरीला म्हणाल्या. ते खोटं आहे हे त्या खोलीत दोघींनाच माहीत होतं, तुम्हाला आणि मृणालताईला. कांताला कार्यक्रम देऊ नका, खोलीत बसवू नका, मार्चपर्यंत थांबवा. सगळं मान्य. पण 'रंग तपासून दिलेला नाही' एवढं एक वाक्य ताई बोलत होती. त्या वाक्यानं तुमचा कुठला अभ्यास बिघडणार होता? तुम्ही तिला का थांबवलंत?

उत्तर द्या.